प्लगटोपीतली काळी कांडी: जुन्या मोटरसायकलच्या इग्निशनमध्ये रेझिस्टर कुठे, किती आणि कसा

रेझिस्टरवाली प्लगटोपी, म्हणजे स्पार्क प्लगवर बसणारी टोपी, उपटून तिच्या तोंडात डोकावलं की खोल आत एक फटीचा पितळी तुकडा दिसतो. बारीक स्क्रू ड्रायव्हरने तो सोडवला की एक काळी कांडी आणि मागोमाग इवलीशी स्प्रिंग हातावर पडते. ही कांडी म्हणजे ५ किलोओहमचा रेझिस्टर, करंटला अडवणारा भाग. ती फेकून तेवढ्याच लांबीचा पितळी तुकडा घाला, करंट वाढेल, असा सल्ला जुन्या बुलेट-येझदीवाल्यांना हमखास मिळतो. तसं केल्यावर काही गाड्या खरंच लगेच सुधारतात, म्हणून तो सल्ला टिकून आहे. पण त्या गाडीतली कांडी आधीच जळून ५ ची ५० किलोओहम झालेली असते. नवी कांडी घातली असती तरी गाडी तशीच सुधारली असती, आणि पुढचे त्रास टळले असते.

हा लेख पॉइंटवाल्या (उघड-मीट करून ठिणगी घडवणारा यांत्रिक स्विच असलेल्या) बुलेट, जावा-येझदी, राजदूत आणि सीडीआयवाल्या (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक डबी असलेल्या) आरएक्स १०० अशा गाड्या स्वतः सांभाळणाऱ्यांसाठी आहे. हाताशी मल्टिमीटर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि प्लगपाना एवढं असलं की बहुतेक काम घरी होतं.

दोन वेगळ्या जाती

इग्निशनमध्ये ‘रेझिस्टर’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

पहिली जात हाय टेन्शन बाजूची, म्हणजे कॉइलपासून प्लगपर्यंतच्या जाड वायरच्या वाटेवरची. ही प्लगटोपीत, प्लगच्या पोटात किंवा खुद्द वायरीत असते आणि किलोओहममध्ये मोजतात. तिचं काम रेडिओ-गोंगाट दाबणं. दुसरी जात लो टेन्शन बाजूची बॅलास्ट. ही किल्ली आणि कॉइल यांच्या मध्ये बसते, दीड-दोन ओहमची असते, आणि कॉइल व पॉइंटमधून जाणारा करंट आवरते. एकीचं दुखणं दुसरीने बरं होत नाही. मॅग्नेटोवर (बॅटरीशिवाय, चुंबकाने वीज तयार करणारी पद्धत) आणि सीडीआयवर बॅलास्ट कधीच लावायचा नसतो. तो फक्त बॅटरी-कॉइल पद्धतीसाठी आहे.

रेझिस्टरमुळे ठिणगी कमजोर होते का?

प्लगच्या फटीत ठिणगी उडण्याआधी वायरमधून करंट जवळपास वाहतच नाही. कॉइलचा दाब आठ-दहा हजार व्होल्टपर्यंत चढत जातो, पण करंट नाही म्हणून ५ किलोओहमवर पडणारा व्होल्टेजही नगण्य. म्हणजे फट ओलांडायला लागणारा दाब रेझिस्टर खात नाही.

फट ओलांडली की दोन गोष्टी घडतात. वायर, टोपी आणि प्लग यांच्यात साठलेला विद्युतभार एका झटक्यात रिकामा होतो. हा झटका सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजण्याइतका छोटा असतो, पण त्या क्षणी करंट कित्येक अँपिअरवर जातो. रेडिओतली खरखर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या मॉड्यूलचा गोंधळ याच झटक्यातून येतो. प्लगचं टोक झिजण्यातही त्याचा वाटा आहे. रेझिस्टर नेमका हाच झटका मोडतो. त्यानंतर कॉइलमधली उरलेली ऊर्जा हळूहळू फटीत जळते आणि मिश्रण नीट पेटायला तीच उपयोगी पडते. तिचा करंट असतो काही दशक मिलिअँपिअर. ४० मिलिअँपिअर धरले तर ५ किलोओहमवर २०० व्होल्ट पडतात. चालू ठिणगीला साधारण पाचशे-हजार व्होल्ट लागतात, त्यामुळे हा खर्च आहे खरा, पण धडधाकट कॉइलला तो जाणवत नाही.

म्हणून प्लग बाहेर काढून सिलिंडर हेडला टेकवला आणि रेझिस्टर असताना ठिणगीचा आवाज बारीक, नसताना ‘चट्ट’ असा मोठा आला, तर त्यावरून ताकद ठरवू नका. मोठा आवाज त्या पहिल्या झटक्याचा असतो.

खर्च जाणवतो तो दोन ठिकाणी. एक, ६ व्होल्टची थकलेली कॉइल किंवा चुंबक उतरलेला फ्लायव्हील मॅग्नेटो, जिथे मुळातच ऊर्जा तुटपुंजी आहे. दोन, सीडीआय, जिची ठिणगी जोरदार पण फार अल्पकाळाची असते. या दोन्हींत ५ किलोओहम चालतो, पण टोपीत ५, प्लगमध्ये ५ आणि वर कार्बनची वायर असं साचत गेलं की थंड इंजिनाला किक मारून मारून पाय दुखतो.

प्लगवरचा क्रमांक वाचा

एनजीकेच्या प्लगवर ‘आर’ हे अक्षर रेझिस्टरचं. बीपी ६ एचएस आणि बीपीआर ६ एचएस यांत फरक तेवढाच: दोन्ही १४ मि.मी. आट्याचे, बाहेर आलेल्या टोकाचे, १२.७ मि.मी. लांबीच्या आट्याचे. ‘एच’च्या जागी ‘ई’ असेल तर आटे १९ मि.मी. लांब. ही चूक महागात पडते. लांब आट्याचा प्लग छोट्या हेडमध्ये पिस्टनला धडकू शकतो. बॉशमध्ये डब्ल्यूनंतर ‘आर’ येतो, चँपियनमध्ये आर अगदी पुढे.

उष्णतेच्या आकड्याकडेही लक्ष हवं. एनजीकेत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉशच्या आजच्या एका आकडी क्रमांकात उलटं, आकडा मोठा तर प्लग गरम. आणि मायकोच्या जुन्या तीन आकडी प्लगमध्ये, १७५ किंवा २२५ वगैरे, पुन्हा मोठा आकडा म्हणजे थंड. नाशिककरांना मायको सर्कलमुळे हे नाव रोजच्या तोंडातलं, आणि जुन्या हत्यारपेटीच्या तळाशी मायकोचा न वापरलेला प्लग अजून सापडतो. तो लावायला हरकत नाही, फक्त त्याचा आकडा नव्या बॉशच्या तक्त्यात शोधू नका.

टोपीवरही आकडा असतो. एनजीकेच्या एलबी०५एफ मधला ०५ म्हणजे ५ किलोओहम. शेवटचं ‘एफ’ सांगतं की ती प्लगच्या उघड्या ४ मि.मी. आट्यांवर बसते, म्हणजे प्लगच्या डोक्यावरची गोल नटाची टोपण आधी काढायची. शेवटी ‘ई’ असेल तर टोपण ठेवायची. चुकीची जोडी जबरदस्तीने बसते, दोन दिवस चालते, मग आतली क्लिप सैल होऊन टोपीतच ठिणगी उडायला लागते.

मोजणी

इंजिन थंड, किल्ली बंद, शक्य असेल तर बॅटरीची एक वायर काढलेली. आधी मीटरचे दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर वाचा. ०.२ ते ०.५ ओहम येईल. कॉइलची प्रायमरी (बॅटरीकडच्या बाजूचं वेटोळं) मोजताना हा आकडा वजा करायचा, नाहीतर दीड ओहमची कॉइल दोनची वाटते.

१. टोपी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून वायरवरून काढा. ओढून काढू नका, वायर आतल्या स्क्रूवर आटे घेऊन बसलेली असते.

२. मीटर २० किलोओहमवर. एक प्रोब टोपीच्या प्लगकडच्या क्लिपला, दुसरा वायरकडच्या स्क्रूला. ५ किलोओहमच्या टोपीला ४ ते ६ आलं तर ठीक. ८ च्या वर किंवा काहीच आलं नाही तर टोपी बाद. प्रोब धरून ठेवून टोपी हलवा, हलक्या हाताने ठोका. आकडा नाचला तरी बाद.

३. तिला हेअर ड्रायरने तीन-चार मिनिटं गरम करून परत मोजा. थंडपणी ५ आणि गरम झाल्यावर उघडी, अशी टोपी सगळ्यांत जास्त छळते. वीस किलोमीटर गाडी सुरळीत आणि मग मिसिंग, थांबून चहा घेतला की पुन्हा ठीक. या लक्षणावर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला, तिथली ठिणगी दाबणारा भाग) आणि कार्ब्युरेटर उगाच बदलले जातात. कंडेन्सरही गरमपणी असाच वागतो हे खरं, म्हणून आधी टोपी मोजा, कारण ती मोजता येते.

४. प्लगचं वरचं टोक ते मधला इलेक्ट्रोड मोजा. आरवाल्या प्लगला साधारण ५ किलोओहम (३ ते ७ चालेल), साध्या प्लगला शून्याजवळ. मधला इलेक्ट्रोड ते आट्यांचा धातू यांच्यात मात्र काहीही दाखवायला नको. तिथे काही किलोओहम दिसले तर प्लगवर काजळी आहे आणि करंट तिथूनच गळतोय. टू-स्ट्रोक येझदी-राजदूतमध्ये हे आधी बघायचं.

५. कॉइलची प्रायमरी: दोन्ही छोट्या टर्मिनलांच्या मध्ये. ६ व्होल्टच्या कॉइलला साधारण दीड ओहम, १२ व्होल्टच्या पॉइंटवाल्या कॉइलला ३ ते साडेचार. सीडीआयची कॉइल एक ओहमहून कमी दाखवते, ती बिघडलेली नसते.

६. हाय टेन्शन वायरचं टोक ते प्रायमरीचं टर्मिनल: सेकंडरी, म्हणजे प्लगकडच्या बाजूचं वेटोळं. साध्या डबाकॉइलला ५ ते १० किलोओहमच्या आसपास. दोन प्लगना एकत्र ठिणगी देणाऱ्या कॉइलवर टोप्या लावूनच मोजलं, तर दोन्ही टोप्यांचे १० किलोओहम वजा करा.

मीटरवर कॉइल चांगली दिसली म्हणजे ती चांगलीच आहे असं नाही. मीटर जेमतेम काही व्होल्टवर बघतो, इन्सुलेशन फुटतं हजारो व्होल्टला. ते अंधारात बघावं: गाडी चालू ठेवा आणि कॉइलच्या मानेवर, वायरवर, टोपीच्या रबरावर निळसर ठिणग्या शोधा. वायर हातात धरून बघू नका. हृदयात पेसमेकर असलेल्याने तर चालू इग्निशनच्या जवळही जाऊ नये. आणि प्लग काढून वायर मोकळी लटकवून किक कधीच मारायची नाही. ठिणगीला वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आत किंवा सीडीआयमध्ये वाट शोधते.

कोणती जोडी लावायची

सूत्र एकच: प्लगच्या वाटेवर ५ किलोओहमचा एक रेझिस्टर, आणि तोही टोपीत. टोपी पाच मिनिटांत बदलता येते, शिवाय साधे प्लग पेटीत पडलेलेच असतात.

पॉइंट आणि बॅटरी-कॉइल असेल तर तांब्याच्या गाभ्याची ७ मि.मी. वायर, ५ किलोओहमची टोपी, बिनआरचा प्लग. आता दुकानात बऱ्याचदा आरवालाच प्लग हातात पडतो. मग बिनरेझिस्टर टोपी घ्या. १२ व्होल्टची कॉइल तब्येतीत असेल तर ५ अधिक ५ मिळून १० वरही गाडी चालते. ६ व्होल्टवर ते टाळा. फ्लायव्हील मॅग्नेटोला रेडिओशी देणंघेणं नाही, तिथे कंपनीने बिनरेझिस्टर टोपी दिली असेल तर ती तशीच ठेवली तरी इंजिनाचं काही बिघडत नाही. त्रास होतो शेजाऱ्याच्या रेडिओला. ब्रिटनने १९५२ मध्ये वाहनांच्या इग्निशनवर हा गोंगाट दाबण्याची सक्ती केली, ती टीव्ही-रेडिओसाठीच होती.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर मात्र रेझिस्टर ऐच्छिक राहत नाही. पिकअपच्या (ठिणगीची वेळ सांगणाऱ्या सेन्सरच्या) बारीक सिग्नलमध्ये प्लगचा झटका मिसळला की मॉड्यूल भलत्याच वेळी ठिणगी देतं, आणि किक पायावर उलटी येते. मॉड्यूलबरोबरच्या कागदावर किती किलोओहम आणि प्रायमरी किमान किती ओहम हे लिहिलेलं असतं. तो आकडा या लेखापेक्षा वरचढ समजा. डिजिटल मीटर, मोबाइलचा चार्जर किंवा ब्लूटूथ हेडसेट लावणाऱ्यांनाही हेच लागू.

कार्बनच्या दोऱ्याच्या वायरी मोटारीसाठी ठीक. मोटरसायकलच्या टोपीतला स्क्रू तांब्याच्या तारांत घुसून पकड घेतो, कार्बनच्या दोऱ्यात तो फक्त भोक पाडतो. काही महिन्यांत तिथे पोकळी होते आणि ठिणगी प्लगऐवजी तिथे उडत राहते.

टोपी बसवताना

वायरचं टोक धारदार ब्लेडने काटकोनात ५-६ मि.मी. कापा. कापलेलं तांबं लालसर, चकचकीत दिसलं पाहिजे. काळं किंवा हिरवट असेल तर अजून ५ मि.मी. मागे जा. वायर आखूड पडणार असेल तर आताच बदला, जोड देऊ नका. रबराच्या सीलला आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, मग टोपी दाबत घड्याळाच्या दिशेने फिरवा. स्क्रू तारांच्या मधोमध शिरायला हवा. फिरवणं घट्ट होत गेलं पाहिजे. शेवटी ओढून बघा, निघाली तर स्क्रू तारांच्या बाजूने गेलाय. परत काढून कापा.

इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात ज्या गाड्या बंद पडतात, त्यांतल्या कितीतरींचं कारण हे दोन सील असतात: वायरकडचं आणि प्लगकडचं. पाणी आत गेलं की करंट पोर्सेलिनवरून हेडला पळतो. रबर कडक झालं असेल, बोटाने दाबल्यावर भेग पडत असेल, तर टोपी मीटरवर कितीही छान असो, जून उजाडण्याआधी बदला.

बॅलास्ट

६ व्होल्टची गाडी १२ व्होल्टवर नेल्यावर प्रश्न येतो: जुनी कॉइल ठेवता येईल का? सरळ सल्ला असा की १२ व्होल्टची कॉइल घ्या. बॅलास्टचा विचार तेव्हाच करावा, जेव्हा मूळ कॉइल दिसण्यासाठी जपायची आहे किंवा हातात दीड ओहमची चांगली कॉइल पडून आहे.

हिशोब बघा. चार्जिंग चालू असताना १४ व्होल्ट, कॉइल १.५ ओहम: ९ अँपिअरहून जास्त. पॉइंट निळे पडून जळतात, कॉइल तापून आतलं इन्सुलेशन जातं. पॉइंटना साधारण ४-५ अँपिअरपर्यंत झेपतं. १.५ ओहमचा बॅलास्ट ओळीत जोडला की एकूण ३ ओहम, करंट ४.७ अँपिअर. १.८ ओहम घातला तर ४.२. दोन्ही चालतं, १.८ पॉइंटना सुखाचं. नेमका आकडा मिळाला नाही तर ३.३ ओहमचे दोन समांतर जोडा, १.६५ होतात.

आता उष्णता. ४.७ चा वर्ग गुणिले १.५, म्हणजे सुमारे ३३ वॅट. गाडी चालू असताना पॉइंट उघडत-मिटत असल्याने सरासरी बरीच कमी, पण पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू राहिली तर बॅटरीच्या व्होल्टेजवरही २५ वॅट सतत निघतात. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा ५ किंवा १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर इथे नको, तो तडकतो. ५० वॅटचा सोनेरी ॲल्युमिनियम कवचाचा घ्या आणि पत्र्यावर पक्का बोल्ट करा, मध्ये हीटसिंक पेस्ट. पत्र्याविना त्याची क्षमता निम्म्याहूनही कमी उरते. ३ मि.मी. जाडीचा, हाताच्या पंजाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा पुरतो. सातपूर-अंबडच्या कुठल्याही वर्कशॉपच्या कचऱ्यात तो मिळेल. जागा वाऱ्याची निवडा. पेट्रोल टाकीखाली किंवा वायरींच्या जुडग्यात बसवू नका, हा रेझिस्टर हात भाजण्याइतका तापतो आणि ते त्याचं काम आहे.

जोडणी किल्लीकडून येणारी वायर आणि कॉइलचं किल्लीकडचं टर्मिनल यांच्या मध्ये. कंडेन्सर, पॉइंट आणि त्यांची वायर जशीच्या तशी. दोन कॉइल आणि दोन पॉइंट असलेल्या गाडीला, उदाहरणार्थ राजदूत ३५०, प्रत्येक कॉइलचा बॅलास्ट वेगळा. एकच सामाईक ठेवला तर दोन्ही पॉइंट एकाच वेळी मिटलेले असताना दोघींनाही कमी व्होल्टेज मिळतो. ६ व्होल्टच्या दोन कॉइल ओळीत जोडायची युक्ती फक्त दोन्ही प्लगना एकाच वेळी ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर चालते, वेगवेगळ्या पॉइंटवर नाही.

तपासणी: बॅटरी १२.४ व्होल्ट, पॉइंट मिटलेले, किल्ली चालू. कॉइलच्या किल्लीकडच्या टर्मिनलवर सुमारे ६.२ व्होल्ट दिसले पाहिजेत (दीड-दीड ओहम धरून). पॉइंट उघडा, तिथेच बॅटरीइतका व्होल्टेज. मिटलेले असतानाही १२ दिसला तर दोनपैकी एक: पॉइंट मळलेत आणि करंट वाहतच नाही, किंवा बॅलास्टला कुठेतरी बगल दिली गेलीय. मिटलेल्या पॉइंटवर ०.२ व्होल्टहून जास्त असेल तर पॉइंट साफ करून बुलेटला ०.३५ ते ०.४० मि.मी. फट लावा. हे मोजमाप उरकून किल्ली लगेच बंद करा.

गोंगाट खरंच दाबला गेला का

सगळं बसवल्यावर मिडियम वेव्ह असलेला जुना ट्रान्झिस्टर घ्या. दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर लावून गाडीपासून दोन-तीन मीटरवर ठेवा. एफएमवर हे कळत नाही. इंजिन आयडलला असताना प्रत्येक ठिणगीला तडतड ऐकू येईल, रेझिस्टर असूनही थोडी येतेच. टोपी बदलण्याआधीचा आणि नंतरचा आवाज तुलनेने ऐका. तडतड एकसारखी आणि मंद असावी. मध्येच एखादी गाळून पुढची मोठी येत असेल तर ठिणगी कुठेतरी वाट चुकतेय, बहुधा टोपीतल्या कांडीच्या टोकाशी. ती काढून बघा: टोकावर काळा खड्डा आणि स्प्रिंगवर हिरवट पूड दिसेल. स्प्रिंग बारीक सँडपेपरने घासता येते, खड्डा पडलेली कांडी मात्र परत वापरू नका. कसारा घाट उतरणार असाल तर मोजून बघितलेली एक टोपी, एक प्लग आणि तोच प्लगपाना सीटखाली असू द्या.